हिमप्रदेशांतील करुण रस

रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे आमच्या घरांत गेल्या पावसाळ्यापासून एक नवा नेम चालू झाला आहे. आमच्या मातुःश्रींचें वय ब्याऐंशी वर्षांचें. ज्येष्ठांत न्हाणीघरांत पाय घसरून त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हांपासून त्यांचें अंथरूण दिवाणखान्यांत आहे. पोथी वाचण्याइतकी दृष्टि आतां उरलेली नाहीं, आणि मालिकांतील सासवासुनांचा त्यांस मनापासून तिटकारा. तेव्हां आमच्या मुलीनें एके रात्रीं दूरचित्रवाणीवर दक्षिण ध्रुवाकडील पेंग्विन पक्ष्यांचा एक माहितीपट लावून दिला. त्या दिवसापासून आमच्या घरांत रोज बर्फ पडूं लागला आहे. पांढरीं अस्वलें, सील, देवमासे, आणि फिरून फिरून पेंग्विन. प्रारंभीं आम्ही उत्तरपत्रिका तपासण्याचें काम घेऊन शेजारीं बसत असूं. पुढें पुढें उत्तरपत्रिका मांडीवर तशाच राहूं लागल्या.

बाहेर उकाडा, अंगांत घामानें भिजलेला सदरा, डोक्यावर पंखा. आणि ज्यांच्यापैकीं कोणींही पडता बर्फ डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं अशीं तीन पिढ्यांचीं माणसें त्या पांढऱ्या पडद्याकडे टक लावून बसलेलीं! हें दृश्य आज पुष्कळ घरांतून दिसत असेल. या चित्रांना इतकी ओढ कशाची? हा प्रश्न आम्हांस प्रथम केवळ कुतूहलाचा वाटला. विचार करतां करतां तो नीतीचा आहे असें दिसून आलें, आणि त्यांत आमच्या स्वतःच्या वर्तनाचाही जाब येऊन पडला. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

पहिलें उत्तर सहज सुचतें तें नावीन्याचें. आपल्या सुशिक्षित मराठी घरांना ध्रुवप्रदेशाची ओळख जुनी असली तरी ती पुस्तकी आहे. आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे होतें असें प्रतिपादणारा लोकमान्य टिळकांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतला सिद्धांत आज विद्वान् मान्य करीत नाहींत. तरी दीर्घ रात्र आणि दीर्घ उषःकाल यांची कल्पना पुष्कळांच्या मनांत त्या ग्रंथानेंच रुजविली. पुढें डिसेंबर १९८१ मध्यें भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली, आणि आज वास्को येथील राष्ट्रीय केंद्रांतून ‘मैत्री’ व ‘भारती’ या दोन ठाण्यांचा कारभार पाहिला जातो. मुंबईच्या राणीच्या बागेंत २०१६ सालीं काचेपलीकडे पेंग्विन आले; मात्र ते हम्बोल्ट जातीचे, पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरचे, ध्रुवीय बर्फाशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. (जातां जातां हेंही सांगून टाकूं कीं पांढरें अस्वल उत्तरेकडचें आणि पेंग्विन दक्षिणेकडचे, त्यांची गांठ पडते ती केवळ शुभेच्छापत्रांवर.) परंतु नावीन्यानें हा प्रश्न सुटत नाहीं. समुद्राच्या तळाशीं राहणारे, स्वतःच्या अंगानें उजेड पाडणारे मासे याहून कितीतरी नवे आहेत. ते पाहून तोंडांत बोट जातें. डोळ्यांत पाणी येत नाहीं.

पाणी कोठें येतें तें पाहावें. सम्राट पेंग्विन हा पेंग्विनांतला सर्वांत मोठा पक्षी, उंचीनें साडेतीन-चार फूट. दक्षिणेकडे हिवाळा सुरू होतांना, म्हणजे मे-जून महिन्यांत, मादी एकच अंडें घालते. तें नराच्या पायांवर सोंपविते आणि समुद्राकडे निघून जाते. नर तें अंडें पायांवर घेऊन, वरून पोटाच्या कातडीची घडी पांघरून, सुमारें ६५ दिवस उभा राहतो. तेथें घरटें नाहीं, आडोसा नाहीं; पारा शून्याखालीं चाळीस-पन्नास अंशांपर्यंत उतरतो. वादळ आलें म्हणजे शेंकडों नर एकमेकांस चिकटून मोठा घोळका करतात, आणि त्या घोळक्यांतले पक्षी इंचाइंचानें सरकत राहतात, त्यामुळें बाहेरचा आंत आणि आंतला बाहेर असें होत जातें. या साऱ्या काळांत त्यांच्या पोटांत अन्नाचा कण नसतो. वसाहतीवर आल्या दिवसापासून मोजलें तर हा उपवास जवळजवळ चार महिन्यांचा भरतो, आणि देहाचें सुमारें ४० टक्के वजन घटतें. पिलूं बाहेर आलें आणि मादी अजून परतली नसली, तर हा उपाशी बाप आपल्या अन्ननलिकेंत पाझरणारा दुधासारखा एक स्राव त्याला भरवितो. एखाद्या विद्यार्थ्यानें कल्पित गोष्ट म्हणून हें लिहिलें असतें तर अतिशयोक्तीबद्दल आम्हीं त्याचे गुण कापले असते.

आतां, त्यागाचीं उदाहरणें आपल्या आसपास कमी आहेत असें नाहीं. मग याच त्यागानें आपण इतके कां विरघळतों? आमच्या मतें ही ओढ जितकी त्या पक्ष्यांत आहे तितकीच त्यांच्या भोंवतालच्या रिकामेपणांत आहे. ताडोबाच्या वाघाचा माहितीपट आपण पाहतों तेव्हां सरपणाला गेलेली बाई आठवते, मोहफुलें वेंचणारा म्हातारा आठवतो, नुकसानभरपाईसाठीं कचेरींत खेपा घालणारें कुटुंब आठवतें. हत्ती पाहिले कीं दोडामार्गाकडच्या केळी-माडांच्या बागा डोळ्यांपुढें येतात. कोणाची बाजू घ्यावी हा तंटा मनांत उभा राहतो, आणि तंट्यांत अश्रू आटतात. बर्फावर कोणीच नाहीं. शेत नाहीं, कुंपण नाहीं, सात-बारा नाहीं. तेथल्या दुःखांत आपलें कोणाला कांहीं देणें लागत नाहीं. म्हणून आपण निर्धास्तपणें रडूं शकतों. हा रिकामेपणाही सर्वस्वीं खरा नव्हे. उत्तरेकडे इन्युइट, चुकची इत्यादि लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत, त्याच अस्वलांची व सीलांची शिकार करीत आले आहेत. पण अस्वलांच्या माहितीपटांत ते क्वचितच दिसतात. ते चौकटींत आले तर आपल्या अश्रूंची पंचाईत होईल.

करुण रसापासून आनंद कां व्हावा, हा आपल्या साहित्यशास्त्रांतला जुना प्रश्न. भट्टनायकानें साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्तानें ती पुढें नेली: रंगभूमीवरचा शोक नटाचाही नव्हे, प्रेक्षकाचाही नव्हे, कोणा एका व्यक्तीचा नव्हे, म्हणूनच तो आस्वाद घेण्याजोगा होतो. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षपदावरून तात्यासाहेब केळकरांनीं सविकल्प समाधीची उपपत्ति सांगितली. वाचक दुसऱ्याच्या अवस्थेंत शिरतो आणि त्याच वेळीं आपल्या जागींही राहतो, असा तिचा मथितार्थ. उपपत्ति कोणतीही घ्या, तिच्या तळाशीं एक गोष्ट गृहीत आहे. ‘एकच प्याला’ नाटकांत सिंधू मरते तेव्हां प्रेक्षागृहांत हुंदके ऐकूं येतात. परंतु पडदा पडल्यावर ती सिंधू उठून तोंडाचा रंग पुसणार हें प्रत्येकास ठाऊक असतें. हें ठाऊक असणें हीच आपल्या अश्रूंची सनद होय. आपल्या आनंदापायीं कोणाचें कांहीं बुडालेलें नसतें.

माहितीपटाची गोष्ट नेमकी उलट आहे. बर्फांत गोठून पडलेलें पिलूं पडदा पडल्यावर उठत नाहीं. इतकेंच नव्हे, तर हें सारें खरोखर घडलें या आश्वासनावरच माहितीपटाचें सर्व मोल उभें असतें. संगीत नाटकासारखेंच, निवेदकाचा गहिंवर तसाच, आणि शेवटीं आपण घेतों तो आस्वादही तोच. फक्त मरण तेवढें खरें. रस्त्यांत अपघात पाहून ‘काय उत्कृष्ट करुण रस!’ असे उद्गार कोणी काढले तर त्याला आपण दारांत उभा करणार नाहीं. बर्फावरच्या अपघातांना मात्र आपण रोज रात्रीं जेवणानंतर पाय पसरून बसतों.

रसाची अशी चटक लागल्यावर सत्याची काय गत होते याचे दाखले आहेत. १९५८ सालीं डिस्नीच्या संस्थेनें उत्तरेकडील हिमप्रदेशावर एक माहितीपट काढला. त्यांत लेमिंग नांवाचे उंदरासारखे प्राणी झुंडीनें कड्यावरून पाण्यांत उड्या घेऊन प्राण देतात असें दाखविलें होतें. त्या चित्रपटास ऑस्कर पारितोषिकही मिळालें. पुढें कॅनडाच्या दूरचित्रवाणीनें शोध केला तेव्हां कळलें कीं तीं दृश्यें अल्बर्टा प्रांतांत मुद्दाम घडवून आणलीं होतीं. प्राणी दुसरीकडून आणलेले आणि कड्यावरून हांकललेले होते. लेमिंग आत्महत्या करीतच नाहींत. म्हणजे जगाला एक करुण दृश्य मिळावें म्हणून तीं मुकीं जनावरें खरोखरच मारलीं गेलीं! याच्या तुलनेनें २०११ सालच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ या ब्रिटिश मालिकेवरचा आक्षेप आम्हांस सौम्य वाटतो. तिच्यांत अस्वलाच्या नवजात पिलांचें गुहेंतलें दृश्य युरोपांतल्या एका प्राणिसंग्रहालयांत टिपलेलें होतें. रानांतल्या अस्वलिणीच्या गुहेंत शिरलें असतें तर पिलांच्याच जिवाशीं खेळ झाला असता. मात्र तें त्याच वेळीं पडद्यावर स्पष्ट सांगावयास हवें होतें.

दुसरी विकृति याहून सूक्ष्म आहे; ती म्हणजे प्राण्यांच्या तोंडून आपलें प्रवचन ऐकणें. २००५ सालीं ल्यूक जाके या फ्रेंच दिग्दर्शकाचा सम्राट पेंग्विनांवरचा चित्रपट जगभर गाजला. मूळ फ्रेंच चित्रपटांत तर पक्ष्यांच्या मुखीं चक्क मानवी संवाद घातले होते. अमेरिकेंत कित्येक मंडळींना त्यांत एकनिष्ठ दांपत्याचा आणि कुटुंबधर्माचा आदर्श दिसला. वस्तुस्थिति अशी कीं हे पक्षी एका ऋतूपुरते एकनिष्ठ असतात. पुढच्या वर्षीं बहुतेकांचा जोडीदार निराळा असतो. उलट बाजूचा दाखला शंभर वर्षांपूर्वींचा आहे. स्कॉटच्या मोहिमेंतले डॉक्टर मरे लेव्हिक यांनीं १९११-१२ च्या उन्हाळ्यांत केप अडेअर येथें ॲडेली पेंग्विनांचें निरीक्षण केलें. त्या पक्ष्यांचे कांहीं कामव्यवहार त्यांस इतके ओंगळ वाटले कीं टिपणांतले ते भाग त्यांनीं ग्रीक लिपींत लिहिले. परतल्यावर तो निबंध १९१५ सालीं ‘प्रसिद्धीसाठीं नव्हे’ अशा शेऱ्यासह खाजगी रीतीनें छापला गेला, आणि जगापुढें आला तो थेट २०१२ सालीं. पेंग्विन पूर्वीं होते तसेच आहेत. आपल्याला हवा तेवढाच पेंग्विन आपण पाहत आलों.

एके रात्रीं असेंच एक पिलूं थव्यापासून चुकून एकटें पडलें होतें आणि एक मोठा समुद्रपक्षी त्याच्याकडे सरकत होता. आमच्या मुलीनें विचारलें, “बाबा, ज्यानें हें चित्र घेतलें, त्यानें त्याला उचललें कां नाहीं?” प्रश्न भाबडा नव्हे. या व्यवसायांतला नियम असा कीं निसर्गांत हात घालावयाचा नाहीं, आणि त्या नियमाला आधार आहे: त्या शिकारी पक्ष्यालाही घरट्यांत पिलें असतात, तुमची दया एकाच्या तोंडचा घांस काढून दुसऱ्याला जीवदान देते. हें आम्हीं मुलीस समजावून सांगितलें. तिचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं.

पुढें आम्हांस २०१८ सालच्या ‘डायनॅस्टीज’ या मालिकेंतला प्रसंग पाहावयास मिळाला. अटका उपसागरालगत तीन माणसांचें पथक सम्राट पेंग्विनांबरोबर सुमारें अकरा महिने राहिलें होतें. त्यांतल्या एकाच्या घरीं या काळांत मूल जन्मलें. तें त्याला जवळ जाऊन पाहतां आलें नाहीं. एका वादळानंतर कांहीं पेंग्विन पिलांसह बर्फाच्या खोल घळींत अडकले. एक मादी पिलाला पायांवर सांभाळीत, चोंच बर्फांत रोवून, वर चढण्याची पराकाष्ठा करीत होती. ती निसटली, बाकीचे खालींच राहिले. अखेर त्या माणसांनीं फावड्यांनीं बर्फ खणून एक उतरता मार्ग करून दिला आणि ते बाजूला झाले. कांहीं पक्षी त्या वाटेनें वर आले. यावर बराच वाद झाला. आम्ही त्या तिघांच्या बाजूचे आहों. त्या घळींत कोणा शिकाऱ्याचा घांस हिरावला जात नव्हता. पक्ष्यांना हातही लावलेला नव्हता. परंतु आमच्या मनाला जी गोष्ट पटली ती निराळीच आहे. त्या माणसांनीं तें दुःख अकरा महिने थंडींत उभें राहून पाहिलें होतें. त्यांची दया आधीं किंमत देऊन चुकली होती, म्हणून तिला फावडें सुचलें. आमच्या दयेला रुमाल सुचतो.

बिशप बटलर या अठराव्या शतकांतील इंग्रज धर्मवेत्त्याचें एक सूक्ष्म निरीक्षण आम्ही विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवीत आलों: मनावर नुसते उठणारे ठसे पुनरावृत्तीनें बोथट होत जातात, आणि कृतीची संवय मात्र पुनरावृत्तीनें बळावते. दयेचीं सुंदर चित्रें मनांत रंगविणारा मनुष्य त्यामुळेंच दयाळू होईल असें नाहीं, कदाचित् निबरही होईल. हें शिकवितांना आम्हीं तें स्वतःला कधीं लावून पाहिलें नव्हतें.

सम्राट पेंग्विनाचा तो ६५ दिवसांचा पहारा आम्हीं प्रथम पाहिला त्या रात्रीं आमचे डोळे पाणावले. आमच्या कुटुंबानें तें पाहिलें आणि कौतुकानें हंसून मान फिरविली. त्याच रात्रीं दोन वाजतां मातुःश्रींनीं हांक मारली. भांडें हवें होतें. रात्रींतली ती तिसरी हांक. आम्ही उठलों, दिवा लावला, आणि आमच्या तोंडून निघून गेलें, “आतां पुन्हां काय?” त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या रात्रीं त्यांनीं हांकच मारली नाहीं. सकाळीं चादर भिजलेली आढळली.

ही गोष्ट लिहावी कीं न लिहावी याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. पण ती वगळून वरचा सारा वाद म्हणजे दुसऱ्यांच्या अश्रूंची तपासणी झाली असती.

कोणी म्हणेल, मनुष्य थकतो, चिडतो. त्यांत बिचाऱ्या पेंग्विनाचा काय अपराध? अपराध त्याचा नाहींच. आणि हे माहितीपट पाहूंच नयेत असेंही आमचें म्हणणें नाहीं. ते नसते तर त्या पक्ष्याचा उपवास आम्हांस कळलाच नसता. अडचण आहे ती आपल्या बैठकीची. आपण तेथें सहृदय प्रेक्षक म्हणून बसतों, आणि ती बैठक आतां खरी उरलेली नाहीं. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउसेन समुद्राकांठच्या सम्राट पेंग्विनांच्या पांच ज्ञात वसाहतींपैकीं चार वसाहतींखालचा समुद्रबर्फ, पिलांना पाण्यांत टिकणारीं पिसें येण्यापूर्वींच, फुटून गेला. पिलांची लव पाण्यांत भिजते. तीं वांचलीं असण्याचा संभव नाहींच म्हटलें तरी चालेल. ब्रिटिश संशोधकांनीं २०२३ सालीं हें प्रसिद्ध केलें. तेथें कॅमेरा नव्हता, निवेदक नव्हता, संगीत नव्हतें. उपग्रहाच्या छायाचित्रांत बर्फावर विष्ठेचे तपकिरी डाग दिसत होते, आणि मग ते दिसेनासे झाले. एका वर्षाचा बर्फ एकट्या तापमानवाढीच्या खात्यावर मांडणें शास्त्राला धरून होणार नाहीं. परंतु कोळसा व तेल जाळून जग तापत आहे आणि तापत्या जगांत अशा घटना वाढत जातील, याविषयीं शास्त्रज्ञांत फारसा मतभेद नाहीं. महाराष्ट्रांतली बरीचशी वीज कोळशाची, आणि त्यांतली पुष्कळ त्याच वाघांच्या चंद्रपुराकडे तयार होणारी. तिच्यावरच आमचा पंखा फिरतो, आणि तो बर्फही तिच्यावरच दिसतो. म्हणजे ज्या नाटकाचे आपण प्रेक्षक समजत होतों त्यांत आपल्याकडे एक लहानसें काम आहे. आणि पात्राला रस चाखीत बसतां येत नाहीं.

मातुःश्रींची गोष्ट निराळी आहे. हिंदी निवेदन त्यांस नको असतें. “त्या बाबाची बडबड बंद कर,” असें त्यांनीं पहिल्याच आठवड्यांत सांगितलें; तेव्हांपासून आमच्या घरीं पेंग्विन मुकेपणानें चालतात. त्यांना त्याग दिसत नाहीं, दांपत्यधर्म दिसत नाहीं, रस तर नाहींच. त्यांना दिसतें कीं एक पक्षी किती तरी वेळ उभा आहे. “हा जेवला कां रे?” असें त्या मध्येंच विचारतात. आम्ही नाहीं म्हणतों. थोड्या वेळानें पुन्हां विचारतात.

परवां मादी परतली. दोघांनीं माना लववून एकमेकांस ओळखलें, पिलूं एकाच्या पायांवरून दुसरीच्या पायांवर गेलें, आणि तो वाळलेला नर वळून चालूं लागला.

“आतां हा कुठें निघाला?”

“समुद्राकडे. जेवायला.”

“लांब आहे?”

“कधीं कधीं पंचवीस-तीस कोस असतो.”

त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. चित्र एव्हांना पिलाकडे वळलें होतें. आम्हीं पाहिलेल्या माहितीपटांत तें नेहमींच पिलाकडे वळतें. अकरा वाजून गेले होते, म्हणून आम्हीं बंद करावयास हात पुढें केला.

“थांब रे,” त्या म्हणाल्या, “त्याचें जेवण होऊं दे.”

आम्ही पुन्हां खुर्चीवर बसलों.